कोहळ्याचा दसरा

नवरात्र तोंडावर आलं की नवी पेठेत पाय ठेवायला जागा उरत नाही. कापडाच्या दुकानांपुढं बायकांची झुंबड, त्यांच्यातून हॉर्न वाजवत घुसणाऱ्या रिक्षा, कडेला पोत्यावर मांडलेले मातीचे घट, परड्या, झेंडूचे ढीग. आणि कोहळे. अंगाला राख फासून बसलेले ते गलेलठ्ठ कोहळे दिसले की मी नजर दुसरीकडे वळवते. परवा वळवता आली नाही. सूनबाईला दुकानाच्या पूजेसाठी कोहळा हवा होता आणि ती म्हणाली, "आई, तुम्हीच बघून घ्या, मला त्यातलं काही कळत नाही." मी एक उचलला, उलटासुलटा केला. विकणारी बाई म्हणाली, "घ्या की आजी, लई झ्याक हाय. देवीला बोकडाच्या जागी चालतोय." चालतो की नाही ते मी तिला सांगू शकले असते. पण सून शेजारी उभी होती. मी पिशवी पुढं केली.

रिक्षा घराकडे निघाली आणि मी मात्र मनानं वळसंगच्या रस्त्याला लागले. एकाहत्तर आणि बहात्तर, ही दोन नवरात्रं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. एकात देवीला कोहळा दिला, दुसऱ्यात नाही. मधलं वर्ष आठवायला बसलं तर धूळ तेवढी आठवते.

आम्ही लिंगायत. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. रागवायचं कानडीत आणि समजूत काढायची मराठीत. सिद्धेश्वराच्या देवळाकडं जायच्या वाटेवर माझ्या वडिलांचं, अप्पांचं लहानसं दुकान होतं. विभूती, रुद्राक्षाच्या माळा, गळ्यातल्या लिंगासाठी चांदीच्या डब्या आणि त्या अडकवायचे दोरे. दुकानाच्या मागेच घर, मध्ये एक पडदा. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. मातीत जाईपर्यंत ते अंगावेगळं करायचं नाही. मला हे सगळं श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. त्यात कुणाला काही नवल वाटेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

नवल वाटलं ते जयवंतरावांना. वळसंगच्या पुढं, कानडी मुलुखाला टेकलेलं त्यांचं संस्थान. नकाशात शोधायला भिंग लागावं एवढं, पण राजा तो राजाच. त्यांच्या वडिलांना सगळे आबासाहेब म्हणत आणि ह्यांना धाकटे सरकार. हे सोलापुरात वकिली शिकायला खोली घेऊन राहिले होते. एका उन्हाळ्यात देवळातून परतताना आमच्या दुकानाच्या सावलीला टेकले, पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला आणि आत मी पूजेला बसलेली त्यांना दिसले. त्यांनी अप्पांना विचारलं, "आम्ही विचारलं तर चालेल का? त्या हातावर काय घेऊन बसल्यात?"

"देव," अप्पा म्हणाले.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या देवीला नगारा लागतो, तलवार लागते, सगळं गाव लागतं. तुमचा देव तळहातावर मावतो?" अप्पांनी त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर आत येऊन माझ्या आईला, अव्वाला म्हणाले, "पोरगं एकटंच आलतं की गं, आन् 'आम्ही, आम्ही' म्हणत होतं. बाकीचे कुटं ऱ्हायले काय की!" अव्वा हसून हसून खोकायला लागली. मीही हसले. संध्याकाळी मात्र तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण देव तळहातावर मावतो हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ते येतच राहिले. विभूतीची वडी घ्यायचं निमित्त असायचं; एवढ्या विभूतीत अख्खा मठ पांढरा झाला असता. श्रावणात मठात पुराण लागलं तेव्हा ते पुरुषांच्या मागच्या रांगेत येऊन बसू लागले. पुराण सुटलं की अप्पा, अव्वा, मी आणि ते असे चालत घरापर्यंत यायचो. लोकांना वाटतं, राजाच्या मुलानं गरिबाची पोर बघितली आणि तो रूपावर भाळला. घरात आरसा होता, त्यामुळे मला त्याबद्दल कधी गैरसमज नव्हता. आम्ही बोलायचो ते फक्त पूजेबद्दल. एकदा त्यांनी विचारलं, "पूजेत मन लागलं नाही तर काय करता?"

"बसून राहते."

"आणि देव?"

"तोही बसून राहतो."

ते थांबून असे मोकळे हसले की पुढं चाललेले अप्पा मागं वळून बघायला लागले. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं. प्रेम म्हणतात ते हेच, हे मी मनाशी सरळ कबूल केलं आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. ज्या माणसाला माझा देव आवडतो, त्याच्यापासून लपवायचं तरी काय?

वर्षभरानं, पुढच्या श्रावणात, त्यांनी अप्पांकडे दोन गोष्टी एकदमच मागितल्या. आधी दीक्षा, मग मी. अप्पा मवाळ माणूस, पण तिथं ताठ झाले. म्हणाले, "लगीन करायचं म्हणून घेतलेलं लिंग गळ्यात टिकत न्हाय, सरकार. दीक्षा घ्या. वर्षभर रोज पूजा करा. मग पोरीचं बघू की." जयवंतरावांनी मटण त्याआधीच सोडलं होतं. मठातल्या स्वामींनी त्यांच्या गळ्यात लिंग बांधलं. मी बायकांत उभी राहून रडले. गावात मात्र जिभा सुटल्या. कुणी म्हणालं राजाला वेड लागलं, कुणी म्हणालं वाण्याच्या पोरीनं चेटूक केलं. चेटूक येत असतं तर पुढचं सगळं टळलं नसतं का?

आबासाहेब मोठ्या मनाचे निघाले. अप्पा भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "मुलगी कुणाची हे आम्ही विचारत नाही. मुलगा गळ्यात काय बांधतो तेही विचारत नाही. देवीचा मान चुकता कामा नये, एवढंच."

तो मान म्हणजे काय, ते ऐकून अप्पांचा चेहरा उतरला. खंडेनवमीला त्यांच्या घरच्या कर्त्या पुरुषानं देवीपुढं स्वतःच्या हातानं, एका घावात बोकड द्यायचा. घरच्या सुनेनं देवळाच्या पायरीवर ताट घेऊन उभं राहायचं. तो तलवार घेऊन परतला की तिनं त्या रक्तात अंगठा बुडवून आधी तलवारीला आणि मग त्याच्या कपाळाला टिळा लावायचा. तो टिळा लागल्याशिवाय गावात चूल पेटत नसे. जयवंतरावांची आई गेल्यापासून हे त्यांच्या आत्याबाई करत. आबासाहेबांचा उजवा हात त्या वर्षी अंगावरून वारं जाऊन लुळा पडला होता, म्हणजे तलवार आता मुलाकडे आली होती. गळ्यात लिंग असलेल्या माणसानं जीव घ्यायचा नाही, आणि राजाच्या मुलानं देवीला उपाशी ठेवायचं नाही. दोन्ही खरं, दोन्ही तेवढंच खरं.

तोड त्यांनीच काढली. कोहळा. बोकडाऐवजी कोहळा कापतात हे काही त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं, पण त्या देवीला कुणी तो कधी दिला नव्हता. गावकऱ्यांना गोळा करून त्यांनी समजावलं. सिदूनाना म्हणून एक म्हातारे होते, बोकड धरायचा मान त्यांच्या घराकडे होता. ते म्हणाले, "देवीला फशिवतोय व्हय आपण, सरकार?"

"आई आहे ती, नाना. पोरं ताटात काय वाढतात ते आई बघत नाही."

"बगत न्हाय, पर भूक तर लागती की," नाना म्हणाले. तरी ऐकलं त्यांनी. राजाचा शब्द म्हणून ऐकलं.

त्या खंडेनवमीला आम्हा तिघांना बोलावणं होतं. ज्वारीची पेरणी नुकतीच झालेली, रानं काळीभोर, बांधावर पिवळी रानफुलं. देवळापुढं नगारा वाजत होता आणि सिदूनाना दोन्ही हातांनी कोहळा घट्ट धरून उभे होते, सोडला तर पळून जाईल अशा थाटात. अप्पांना हसू आवरेना. कोहळ्यात कुंकू भरलं होतं. जयवंतरावांनी एका घावात तो चिरला, लाल पाणी पायरीवर सांडलं, आणि त्यांची नजर बायकांतून मला शोधत होती. मी त्यांच्याकडे बघून हसले. मला वाटलं, झालं, सुटलं सगळं. एवढं सोपं होतं तर लोक जन्मभर भांडत का बसतात?

त्या हिवाळ्यात संस्थानिकांचे तनखे बंद झाले. जयवंतराव आमच्या दुकानात येऊन म्हणाले, "अप्पा, आजपासून मी तुमच्यासारखाच." अप्पा म्हणाले, "आमच्यासारखं व्हायला दुकान लागतंय की." ते वर्ष असं हसण्यावारी सुरू झालं. ते रोज पूजा करत होते, दिवाळीनंतरचा मुहूर्त धरायचा असं दोन्हीकडे ठरत आलं होतं, आणि अव्वा माझ्यासाठी इरकली लुगडी बाजूला काढून ठेवत होती.

माझा संसार पुढं चांगला झाला, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच चुटपुट लागायची. कुर्डुवाडीच्या रेल्वेतला नवरा मिळाला, साधा, खाऊन-पिऊन सुखी. त्यांना सगळं ठाऊक होतं. एकदाच विचारलं त्यांनी, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "फार वाईट झालं गं." नवऱ्यानं दुसऱ्या माणसासाठी असं हळहळावं, हे भाग्य किती बायकांच्या वाट्याला येतं? तरीही दर वर्षी आश्विन आला, घटातल्या मातीला कोंब फुटले, की मी घटाकडे पाठ करून बसते. वय झालं म्हणून ते सुटत नाही.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. ज्यांनी ते साल बघितलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याचा तळ दिसू लागला. जिथं आम्ही लहानपणी मासे बघायचो तिथं भेगाळलेला चिखल. दुकानात गिऱ्हाईक नाही, नळाला पाणी नाही. खेड्यांत तर माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. जयवंतराव तिथंच असत, माणसांबरोबर उन्हात. महिन्या-दोन महिन्यांनी सोलापुरात आले की हात बघवत नसत. फोडांवर फोड. त्याच हातावर ते लिंग घ्यायचे.

भाद्रपद सरता सरता एका संध्याकाळी आम्ही तळ्याच्या काठावर बसलो होतो. अप्पा थोडे लांब, आमच्याकडे पाठ करून. जयवंतराव म्हणाले, "परवा सगळं गाव वाड्यापुढं येऊन बसलं. भांडले नाहीत, काही मागितलं नाही. बसून राहिले. मग सिदूनाना म्हणाले, 'सरकार, आमी काय म्हणत न्हाय. पर देवी वरीसभर उपाशी हाय.'"

मी म्हणाले, "कोहळ्यानं पाऊस जातो का?"

"नाही जात. बोकडानं येतही नाही. मला कळतं ते. पण त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय, लीला. गुरं विकली, बी खाऊन झालं. राजा असतो तर हुकूम काढला असता, कोहळा म्हणजे कोहळा. आता मी त्यांचा नुसता माणूस आहे. माणसाला नाही म्हणता येत नाही."

मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता असं पुढं अव्वा म्हणायची. मला वाटलं, ह्यांच्या जागी मी असते तर मीही नाही म्हणू शकले नसते. ते उठून अप्पांकडे गेले, गळ्यातला दोरा काढला आणि लिंग अप्पांच्या ओंजळीत ठेवलं. "हे गळ्यात असताना नाही करणार मी. खंडेनवमी झाली की येतो. तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त घेतो. पुन्हा दीक्षा द्या म्हणेन, पुन्हा एक वर्ष थांबायला सांगा, थांबेन."

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "चुकलेल्याला परत यायची वाट देव बंद करत न्हाय. या तुमी. आमी हाय की हितं."

म्हणजे वाट होती. ह्या एका गोष्टीवर माझं मन अजून येऊन अडतं. मी काहीही न करता घरात बसून राहिले असते तर वाट होती. पूजेत मन लागलं नाही की बसून राहते, असं मोठ्या तोऱ्यात सांगणारी मी, आणि नेमकं तेव्हाच मला बसवलं नाही. अष्टमीला मी पूजेला बसले आणि माझ्यापुढं ते उभे राहिले, एकटे, तलवार घेऊन, गळा मोकळा. मला वाटलं, ज्याच्याशी लग्न करायचं त्याचे हात रक्तात, आणि मी सोलापुरात पडद्याआड शुद्ध बसून राहायचं, हे कसलं प्रेम? अर्धं पाप वाटून घेतलं तर ते अर्धंच उरेल, असा माझा हिशोब. वय वीस. त्या वयात असले हिशोब चुकत नाहीत असंच वाटतं.

नवमीला सकाळी निघाले. अव्वा दारात आडवी आली. "होगब्याड, यव्वा," जाऊ नको, एवढंच पुन्हा पुन्हा. अप्पा मला अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पडदा ओढून घेतला. एसटी वळसंग मागं टाकून पुढं गेली, दोन्ही बाजूंना पेरणी न झालेली रानं, आणि मी मांडीवर हात घट्ट दाबून बसले होते.

देवळापुढं सगळं गाव. माणसं वाळलेली, पण अंगावर धुतलेले कपडे. आत्याबाई पायरीवर ताट घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढं गेले आणि हात पुढं केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताट माझ्या हातांत दिलं आणि पदरानं डोळे टिपले. जयवंतरावांची पाठ आमच्याकडे होती. सिदूनानांनी बोकड धरला होता. घाव मी पाहिला नाही, डोळे मिटले होते. नगारा थांबला तेव्हा उघडले, तर ते वळलेले होते आणि त्यांना मी दिसले होते.

त्यांचा चेहरा मला सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. सगळं गाव बघत होतं. मी खाली वाकले, अंगठा बुडवला. रक्त गरम असतं हे मला माहीत नव्हतं. तलवारीला टिळा लावला, मग त्यांच्या कपाळाला. मागून बायकांचा एकच गलका उठला. म्हाताऱ्या पुढं आल्या, माझ्यावरून हात ओवाळून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. "आमची वैनीसायब! सोलापूरची हाय, पर बघा की कशी हुबी ऱ्हायली!"

आणि मग पाऊस आला. खरंच आला. फार नाही, रस्त्यावरची धूळ बसावी एवढाच, एका काळ्या ढगातून. पण लोक वेडे झाले. पोरं तोंडं वर करून उभी राहिली, बाया रडायला लागल्या. सिदूनाना माझ्या पायांवर पडले. "तुमच्या हातानं आला, वैनीसायब. आता दर वर्साला तुमीच की. दुसऱ्या कुणाचा हात चालायचा न्हाय." मी आनंदानं जयवंतरावांकडे पाहिलं. ते पावसाकडे बघत नव्हते. माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

परतीच्या गाडीला वेळ होता. फाट्यावर लिंबाखाली आम्ही दोघंच उभे राहिलो. मी म्हणाले, "तुमच्यासाठी आले मी. एकट्यानं सोसायला नको म्हणून."

"ठाऊक आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "लीला, आता ह्यांना पुन्हा कोहळा दाखवता येणार नाही. आणि तुम्ही ह्या घरात आलात तर दर वर्षी हेच तुमच्या हातून होणार. मी ते बघू शकणार नाही."

"मग आपण दोघं प्रायश्चित्त घेऊ. अप्पा म्हणालेत, वाट आहे."

"माझ्यासाठी होती. मी हे एकट्यानं केलं असतं, तर तुमच्या दारात येऊन उभा राहिलो असतो. तुम्ही आत होतात, म्हणून तर मी परत येणार होतो. आता तुम्हीही माझ्याबरोबर बाहेरच. मग मी यायचं कुणाच्या दारात?"

एसटी आली. त्यांनी आत चढून मला खिडकीपाशी जागा धरून दिली आणि खाली उतरले. गाडी हलली तेव्हा गावातल्या पोरीबाळी ओल्या अंगानं फाट्यापर्यंत धावत आल्या होत्या. त्या हात हलवत, जीव तोडून ओरडत होत्या, "वैनीसायब, लवकर या!"